नगरसेवकाकडं नेमकं काय मागायचं? नाशिककरांसाठी पायरी-पायरीनं

मागच्या टर्मची गोष्ट, २०१९ च्या पावसाळ्यातली. मखमलाबाद रोडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचा चेंबर उफाळला, तीन दिवस घाण पाणी रस्त्यावर, शाळेच्या रिक्षावाल्यानं पोरांना कोपऱ्यावरच उतरवायला सुरुवात केली. आम्ही पाच-सहा जण एका नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात गेलो. चहा आला, "काका, बसा ना" झालं, आमच्यासमोर त्यांनी कुणाला तरी फोन लावला, जरा आवाज चढवून बोलले आणि आम्ही एकदम खूश होऊन घरी. दुसऱ्या दिवशी गाडी आली, चेंबर मोकळा. आठ दिवसांनी परत तेच. परत फोन, परत गाडी. चौथ्या वेळेला गाडीवरचा माणूसच वैतागून म्हणाला, "साहेब, खालची लाइनच बारीक ए, वरच्या अंगाला तीन बिल्डिंगा वाढल्या, आम्ही कितीबी ओढलं तरी ती भरणारच."

म्हणजे आम्ही चार वेळा चुकीची गोष्ट मागत होतो. आम्हाला गाडी नको होती, लाइन बदलायला बजेटमध्ये पैसे धरायला हवे होते, आणि ते काम फोनवर होत नाही. त्यानंतर दीड-दोन वर्षं राजीव गांधी भवनच्या, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयाच्या, पायऱ्या झिजवून जे काही समजलं ते इथं लिहितोय. मी वकील नाही, सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आणि तेही कुणी दुसरं तयार होत नाही म्हणून.

आधी हे डोक्यात घ्या, नगरसेवक "साहेब" नाही

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, जो मूळचा १९४९ चा आहे, त्यात एक गोष्ट स्वच्छ आहे. अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे. इंजिनिअरची बदली, ठेकेदाराचं बिल, अतिक्रमणाची गाडी कुठं पाठवायची, हे सगळं प्रशासन करतं. नगरसेवक एकटा सही करून तुमच्या गल्लीत एक पोलसुद्धा उभा करू शकत नाही. मग त्याच्या हातात काय? तीन गोष्टी: पत्र द्यायचं, सभेत प्रश्न विचारायचा आणि हात वर करून मत द्यायचं. बस. पण ह्या तीन गोष्टींवर शहराचं बजेट, घरपट्टीचे दर, मोठमोठे ठेके सगळं ठरतं, त्यामुळं "त्यांच्या हातात काहीच नसतं" हेही तितकंच खोटं.

किती जोर असतो बघायचं तर २०१८ आठवा. तुकाराम मुंढे आयुक्त होते, घरपट्टीवरून आणि बाकीच्या गोष्टींवरून पेटलं आणि अविश्वास ठरावापर्यंत गोष्ट गेली, शेवटी ठराव मागे घेतला गेला तो भाग वेगळा. कायदा म्हणतो एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश जणांनी ठराव केला तर सरकारला आयुक्त परत बोलवावा लागतो. नाशिकात १२२ नगरसेवक, म्हणजे ७७ हात. कोण बरोबर होतं यावर आमच्या कट्ट्यावर आजही भांडण होतं, मी त्यात पडत नाही.

पायरी पहिली: तुमचे नगरसेवक कोण, आणि किती

सोपं वाटतं पण इथंच निम्मे लोक फसतात. देवळाली कॅम्पला राहत असाल तर तिथं कँटोन्मेंट बोर्ड, भगूरला स्वतंत्र नगरपरिषद, त्र्यंबकेश्वरला वेगळी. नाशिक महापालिकेचा नगरसेवक तिथं काही करू शकत नाही, मग तो तुमचा सख्खा मावसभाऊ का असेना.

महापालिकेच्या हद्दीत असाल तर ३१ प्रभाग आहेत. त्यातले २९ प्रभाग चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे, असे मिळून १२२. म्हणजे बहुतेकांना एक नाही, चार नगरसेवक आहेत. तुम्ही जानेवारी २०२६ ला मतदानाला गेलात तेव्हा अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबली होती ना, ते चौघं. आणि आता महत्त्वाचं, हे अ-ब-क-ड म्हणजे प्रभागाचे चार तुकडे नाहीत. ते आरक्षणासाठी पाडलेल्या जागा आहेत. चौघंही अख्ख्या प्रभागाचे. पण त्यांनी आपसात गल्ल्या वाटून घेतलेल्या असतात, आणि तुम्ही गेलात की उत्तर येतं, "तो पट्टा ताईंकडं आहे". ताईंकडं गेलं की "त्याचं भाऊ बघतात". ही वाटणी त्यांच्या सोयीची, कायद्याची नाही. म्हणून पत्र नेहमी चौघांच्या नावानं काढायचं, एकाच कागदावर चारही नावं. मग प्रत्येकाला दिसतं की बाकीच्या तिघांनाही हे माहितीय, आणि वेगवेगळ्या पक्षाचे असतील तर अजूनच बरं, कारण श्रेय घ्यायची घाई होते. श्रेय कुणीही घेऊ दे, बोर्डावर फोटो लागू दे, आपल्याला लाइन हवीय.

अजून एक. निम्म्या जागा महिलांच्या आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी फोन त्यांचे मिस्टर उचलतात, बैठकीलाही तेच. नगरसेविका ताई निवडून आल्यात, तर पत्र ताईंच्या नावानं आणि बोलणंही ताईंशी. सभागृहात प्रश्न त्याच विचारू शकतात, मिस्टर नाही. आमच्याकडच्या एक ताई सुरुवातीला गप्प असायच्या, पण ड्रेनेजचा नकाशा सगळ्यात आधी त्यांनीच मागवून घेतला.

पायरी दुसरी: काम महापालिकेचं आहे का ते बघा

त्याच अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेनं केलीच पाहिजेत अशी कामं आहेत. पाणी, ड्रेनेज, कचरा, रस्ते, दिवे, अग्निशमन, प्राथमिक शाळा, जन्म-मृत्यू नोंद, स्मशानभूमी, साथीचे रोग वगैरे. कलम ६६ मध्ये पैसे असतील तर करता येतील अशी. जलतरण तलाव, नाट्यगृह, बागा, ह्या दुसऱ्या प्रकारात येतात. म्हणजे कालिदास कलामंदिर छान आहे, मलाही आवडतं, पण तुमच्या नळाला पाणी नसताना नगरसेवक जॉगिंग ट्रॅकचं भूमिपूजन करत असेल तर हा फरक त्याला नम्रपणे विचारता येतो.

घोळ होणाऱ्या गोष्टी पटकन सांगतो. घरातली लाइट गेली तर महावितरण, रस्त्यावरचा दिवा गेला तर महापालिका. सिव्हिल हॉस्पिटल राज्य सरकारचं, पण नाशिकरोडचं बिटको आणि कथड्याचं झाकिर हुसेन महापालिकेचं. मुंबई-आग्रा हायवे आणि त्यावरचा उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा. सिटीलिंकची बस महापालिकेच्याच कंपनीची, जुलै २०२१ पासून, लाल एसटी महामंडळाची. गंगापूर धरण जलसंपदा विभागाचं, पण तिथून उचललेलं पाणी तुमच्या टाकीपर्यंत आणायचं महापालिकेनं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या भागात एमआयडीसी आणि महापालिका दोघांचा संबंध येतो, तिथं सरळ दोघांना पत्र टाका. रेशन, सातबारा, पोलीस, ह्यात नगरसेवक फार तर ओळखीनं शब्द टाकेल, ते त्याचं कर्तव्य नाही, आणि नाही केलं तर रुसूही नका.

जन्माचा दाखला किंवा नळजोडणीच्या अर्जासाठी नगरसेवकाची गरज नसते. ह्या सेवा लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली येतात, मुदत ठरलेली आहे. लोक उगाच चिठ्ठी घेऊन जातात. हां, आधारमधला पत्ता बदलायला ठराविक फॉर्मवर नगरसेवकाची सही चालते, भाडेकरूंना त्याचा खरंच उपयोग होतो.

पायरी तिसरी: आधी तक्रार, मग नगरसेवक

उलटं करू नका. आधी महापालिकेच्या ई-कनेक्ट ॲपवर तक्रार, नंबर लिहून ठेवायचा. नाहीतर विभागीय कार्यालयात लेखी. शहराचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक म्हणजे आपलं सिडको, आणि सातपूर. लेखी दिलं की स्वतःच्या कॉपीवर आवकचा शिक्का मारून घ्यायचा. काउंटरवरचा माणूस "ठेवून जा, देतो नंतर" म्हणेल, आपण हसून तिथंच उभं राहायचं. शिक्का नाही तर पत्र नाही.

ह्याचा फायदा असा की नगरसेवकाकडं जाताना तुमच्या हातात तारखा असतात. "पाणी येत नाही हो" आणि "अमुक तारखेपासून पाच तक्रारी केल्या, हे नंबर, पाचही 'निकाली' दाखवल्यात आणि पाणी आजही येत नाही" ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाक्यावर सभागृहात प्रश्न उभा राहतो, पहिल्यावर नुसता चहा येतो.

पायरी चौथी: पत्रात काय मागायचं

आमचं पहिलं पत्र दोन पानी होतं, त्यात डास, मुलांचं आरोग्य, स्मार्ट सिटी, कुंभमेळा, सगळं होतं. उपयोग शून्य. नंतर एका रिटायर्ड उपअभियंत्यानं, आमच्याच गल्लीतले अप्पा, त्यांनी बसून सहा ओळींचं लिहून दिलं. साधारण असं:

"प्रति, मा. नगरसेवक, प्रभाग क्र. अमुक (चौघांची नावं). विषय: अमुक चौक ते तमुक नाला, ड्रेनेज लाइनचा व्यास वाढवणेबाबत. सदर लाइनवर मागील सहा महिन्यांत अकरा तक्रारी झाल्या (यादी सोबत). कृपया एक, भुयारी गटार विभागाकडून जागेची पाहणी करून प्राकलन तयार करण्यास पत्र द्यावे. दोन, प्राकलन झाल्यावर काम येत्या अंदाजपत्रकात धरण्यासाठी प्रस्ताव द्यावा. तीन, दिलेल्या पत्रांच्या प्रती आम्हास मिळाव्यात."

बघा, ह्यात "लक्ष घालावे", "सहकार्य करावे" असलं काही नाही. पाहणी, प्राकलन, तरतूद, प्रती. प्राकलन म्हणजे एस्टिमेट, ते झाल्याशिवाय कागद पुढं हलतच नाही हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. खाली सह्या घराघरातून, नाव आणि घर नंबर घालून. तिसरी मागणी सगळ्यात कामाची, कारण नगरसेवकानं आत पत्र दिलं की नुसतंच "सांगितलंय मी" म्हणाला, हे प्रत मागितली की समजतं.

पायरी पाचवी: विषय कुठल्या सभेत जाणार

तीन ठिकाणं आहेत. प्रभाग समिती सगळ्यात खालची आणि आपल्यासाठी सगळ्यात जवळची. त्या विभागातले सगळे नगरसेवक तिथं असतात, समोर विभागीय अधिकारी आणि खात्यांचे लोक. घंटागाडी दोन दिवसाआड येते, दिवे बंद, व्हॉल्व्हमन वेळ पाळत नाही, असल्या गोष्टी इथंच निकाली निघू शकतात. एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते, की प्रभाग समितीवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात, नागरिक म्हणून. तुमच्या भागात हे घेतलेत का आणि कोण घेतलेत, नगरसेवकाला विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

स्थायी समिती म्हणजे तिजोरी. १६ सदस्य, पक्षांच्या संख्याबळानुसार, आणि दर वर्षी निम्मे बाहेर पडून नवे येतात. मोठ्या निविदा, ठेके इथं मंजूर होतात. तुमच्या चौघांपैकी कुणी स्थायीत असेल तर तुम्ही नशीबवान, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायची जबाबदारीही जास्त.

महासभा म्हणजे सगळे १२२, अध्यक्ष महापौर. धोरण, कर, बजेट, जमिनींची आरक्षणं, मोठे ठराव इथं. इथं नगरसेवक लेखी प्रश्न देऊ शकतो, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं लक्ष वेधणारी सूचना) मांडू शकतो, विरोध नोंदवू शकतो. स्वीकृत नगरसेवक, म्हणजे मतदानातून नाही तर नेमून आलेले, बोलू शकतात पण त्यांना मत नसतं. सभेला प्रेक्षक गॅलरी असते, एकदा जाऊन बसाच. मी गेलो तेव्हा पहिला दीड तास श्रद्धांजली, अभिनंदन आणि कुणाचा माइक बंद केला ह्यावर गेला, आणि मग कोट्यवधींचे विषय मला चहा संपवायला लागतो तेवढ्या वेळात मंजूर झाले. त्यातही "जादा विषय" म्हणून ऐनवेळी जे येतात त्याकडं कान देऊन ऐका. आपल्या नगरसेवकाला विचारायचा खरा प्रश्न "रस्ता कधी" हा नाहीच, "त्या विषयाला तुम्ही होकार दिला की विरोध नोंदवला, आणि इतिवृत्तात (सभेच्या लेखी नोंदीत) तसं आलंय का" हा आहे.

पायरी सहावी: बजेटचं कॅलेंडर पाळा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि लोक इथंच झोपतात. प्रशासन साधारण दिवाळीनंतर आकडे जमवायला लागतं, मग आयुक्त अंदाजपत्रक स्थायीला देतात, स्थायी त्यात वाढवून-घटवून महासभेकडं पाठवते आणि ३१ मार्चच्या आत ते मंजूर व्हायला लागतं. म्हणजे तुमच्या लाइनचं प्राकलन डिसेंबरपर्यंत तयार हवं. आपण काय करतो, तर जूनमध्ये पाणी तुंबलं की ओरडतो, तेव्हा त्या वर्षाचे पैसे वाटून झालेले असतात, मग नगरसेवक म्हणतो "निधी नाही", आणि ते खरंही असतं! पावसाळ्यात फोटो काढायचे, दिवाळीला पत्र द्यायचं, मार्चपर्यंत पाठपुरावा, असं उलटं गणित आहे.

आणि बजेटमध्ये आलं म्हणजे झालं असं नाही. बजेटमध्ये आपल्या कामासमोर टोकन म्हणून किरकोळ रक्कम टाकलेली असू शकते, आमचं पहिल्या वर्षी तेच झालं. पेढे वाटले होते आम्ही. तेव्हा आकडा बघा, प्राकलनाएवढा आहे का. पुढं प्रशासकीय मान्यता, निविदा, वर्क ऑर्डर, ह्यातला प्रत्येक टप्पा अडकू शकतो आणि प्रत्येक टप्प्याला नगरसेवकाचं एक पत्र लागतं. कंटाळवाणं आहे, माहितीय.

पायरी सातवी: काम चालू झाल्यावर

भूमिपूजनाला जा, नारळाचा तुकडा खा आणि तिथंच वर्क ऑर्डरची प्रत मागा. पाइपचा व्यास किती, लांबी किती, मुदत कधीची, नंतर किती वर्षं दुरुस्ती ठेकेदाराच्या अंगावर. नगरसेवक देत नसेल तर माहितीचा अधिकार आहे: दहा रुपये, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा असतो, त्यामुळं निबंध लिहू नका.

इथं नगरसेवकाचं काम देखरेखीचं आहे, ठेका घ्यायचं नाही. महापालिकेच्या ठेक्यात स्वतःचा हितसंबंध असेल तर पद जाऊ शकतं. बेकायदा बांधकाम केलं किंवा त्याला मदत केली तरी तेच. पक्षानं काढलेला व्हिप (मत कसं द्यायचं याचा आदेश) मोडला किंवा पक्ष सोडला तर १९८६ चा अपात्रतेचा कायदा वेगळा. राखीव जागेवरून आलेल्यानं जात पडताळणी मुदतीत नाही दिली, तरी घरी. ही कलमं तोंडावर फेकायला नाहीत, पण आपल्याला ठाऊक आहेत एवढं समोरच्याला कळलं की बोलण्याचा सूर बदलतो.

आणि नगरसेवक नसले तर?

हा प्रश्न पोरकट वाटेल, पण आपल्याकडं १९८२ ला महापालिका झाली आणि पहिली निवडणूक थेट १९९२ ला, तोवर प्रशासक, म्हणजे सरकारनं नेमलेला अधिकारीच सगळं बघणार. परत मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत प्रशासक. त्या काळात पत्र द्यायला कुणी नव्हतं असं नाही, अधिकारी भेटायचे, काही कामं तर पटापट झाली हेही मान्य. पण बजेटवर चर्चा नाही, प्रश्न नाही, विरोध नोंदवायला कुणी नाही. साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, तपोवनातल्या झाडांवर नोटिसा लागल्या तेव्हा हरकती लोकांनी स्वतः लिहून दिल्या, कारण सभागृहात उभं राहून विचारणारं कुणी निवडून आलेलंच नव्हतं. आता सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं डोक्यावर आहेत, पैसे येतायत, रस्ते उकरलेत, आणि १२२ जण खुर्चीत आहेत. आत्ता नाही विचारायचं तर कधी.

कायद्यात क्षेत्रसभा नावाची गोष्टही आहे, नगरसेवकानं आपल्या मतदारांना बोलावून कामांचा प्राधान्यक्रम ठरवायचा. आमच्याकडं मी तरी अजून झालेली पाहिली नाही. आम्ही मार्ग काढला तो असा की गणपतीच्या मंडपात आरतीनंतर चौघांना बोलवायचं, लोक असतातच, माइक असतोच, प्रसादही असतो. पहिल्या वर्षी दोघं आले.

आमची लाइन शेवटी २०२१ च्या उन्हाळ्यात बदलली, मधे कोविडमध्ये सगळं ठप्प होतं ते धरून. उद्घाटनाच्या बोर्डावर तिघांचे फोटो होते, ज्या ताईंनी नकाशा मागवला त्यांचाच नव्हता, तर अप्पांनी घरून त्यांचा कॅलेंडरवरचा फोटो कापून आणला आणि सेलोटेपनं चिकटवला. सध्याचं पत्र गल्लीतल्या बंद पथदिव्यांचं आहे, चौघं नवीन, त्यातल्या दोघांकडं पोच झालंय, उरलेल्या दोघांकडं रविवारी सकाळी जायचंय.